विषय: सभेत माझा चेहरा काळा का दिसला?

नमस्कार मंडळी,
परवाच्या ऑनलाइन सभेचं रेकॉर्डिंग पाहिलं. माझा चेहरा जवळजवळ काळा आलाय. शिवाय मागे व्हर्च्युअल बॅकग्राउंड (खऱ्या खोलीऐवजी दिसणारं चित्र) होतं, त्यामुळे हातातला कागद वर केला की अर्धा गायब! पुढच्या व्याख्यानाआधी नवा वेबकॅम घ्यावा का?

---

काका, नमस्कार.
वेबकॅम आत्ता घेऊच नका. तुमच्या पाठीमागे खिडकी होती. कॅमेरा सगळ्या चौकटीतला उजेड बघून एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ दिसावं ते, ठरवतो. खिडकी एवढी लखलखीत असली की चेहऱ्याच्या वाट्याला अंधार येतो. खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसा.

व्याख्यान संध्याकाळी असेल तर टेबललॅम्प लॅपटॉपच्या मागे, जरा एका बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवा. फक्त छताचा दिवा असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात. दिवा जवळ हवा, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाई उरतो. डोळ्यांवर येत असेल तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर वळवा. चष्म्यात चमकत असेल तर आणखी वर घ्या. पिवळा बल्ब (2700 केल्विन, हे उजेडाच्या रंगाचं माप) आणि दिवसाचा उजेड (5500 च्या आसपास) एकत्र नकोत, अर्धा गाल पिवळा नि अर्धा निळसर दिसतो.

आता कागदाचं. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठला नि मागचं काय, हे ओळखत असतं. कागद त्याच्या लेखी माणूस नव्हे, म्हणून पुसला जातो. उजेड कमी असेल तर चित्रात दाणे येतात, कडा विरघळतात आणि केस, कानही तुटतात. म्हणून आधी दिवा, मग बॅकग्राउंड. खरं सांगायचं तर साध्या भिंतीसारखं दुसरं काही नाही. ती नसेल तर मागचं धूसर करा. कागद दाखवायचाच असेल तेव्हा बॅकग्राउंड आणि धूसर करणं दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आधीच स्कॅन करून स्क्रीन शेअर करा.

सॉफ्टवेअरला मागचं सहज ओळखता यावं म्हणून हिरवा पडदा लावणार असाल तर त्यावर उजेड सगळीकडे सारखा हवा. तुम्ही त्याच्यापासून चार-पाच फूट पुढे बसा आणि हिरवं काही घालू नका, तेही नाहीसं होईल.

---

ताई, खुर्ची फिरवली, चेहरा स्वच्छ दिसतोय! पण बॅकग्राउंडवरचं मंडळाचं नाव उलटं येतंय.

---

काका, ते फक्त तुम्हाला. बहुतेक अ‍ॅप आपलं चित्र आपल्याला आरशासारखं दाखवतात. प्रेक्षकांना नाव सरळच दिसेल. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून बघा, खात्री पटेल.