दोषदायित्व संपलं, अनामत सुटेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेला छोटा कंत्राटदार. यवतमाळकडच्या एका खेड्यात सिमेंट रस्ता केला. प्रत्येक धावत्या बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणारं बिल) कापलेली अनामत मिळून 1 लाख 12 हजार. दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामात दोष निघाला तर मीच दुरुस्त करून द्यायचा तो काळ, गेल्या पोळ्यालाच संपली, पैसे अजून तिथंच.

आधी शाखा अभियंत्याची बदली. मग एम.बी. (कामाच्या मोजमापाची नोंदवही) उपविभागात की विभागात, कोणालाच ठाऊक नाही. ती सापडली, तर नवे साहेब आले आणि खचलेल्या पट्ट्यावर बूट ठेवून म्हणाले, "हे आधी करून द्या."

तो पट्टा माझा नाहीच. नळयोजनेच्या पाइपलाइनवाल्यानं तिथं रस्ता आडवा कापला, पाइप टाकून वरून काळी माती लोटली आणि पातळ काँक्रीट ओतून मोकळा झाला. पावसात माती फुगली, उन्हात आकसली, तेवढंच बसलं. अलीकडे-पलीकडे माझा रस्ता ठणठणीत आहे. कापतानाचे फोटो आहेत, लेखी तक्रार मात्र दिली नव्हती. गाढवपणा, दुसरं काय.

दुसऱ्यानं फोडलेलं माझ्या अनामतीतून भरून घेता येतं का? उद्यम नोंदणी आहे. सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यातली 45 दिवसांत पैसे देण्याची अट कामी येईल का?

प्रतिसाद 1
भाऊ, 45 दिवसांच्या भरवशावर राहू नका. वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (साहित्य आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट) तो कायदा लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. त्यापेक्षा रस्ता फोडायची परवानगी माहितीच्या अधिकारात मागा. पूर्ववत करायची जबाबदारी कोणावर टाकली, ते त्यातच निघेल. मुदतीच्या आत दोषाचं पत्र तुम्हाला दिलं होतं का, हेही लेखी विचारा. संयुक्त पाहणीची मागणी द्या, आवकचा शिक्का घ्या. आणि 'निधी नाही' म्हणाले तर ऐकून घेऊ नका, हा तुमच्याच बिलातून कापलेला पैसा आहे.

प्रतिसाद 2
केंद्रानं 29 ऑक्टोबर 2021 ला आपल्या खात्यांना सांगितलं, धावत्या बिलाचे 75 टक्के 10 कामकाजी दिवसांत द्या. अनामतीलाही तशी तारीख बांधा ना. मुदतीत दोष कळवला नाही, तर पैसे आपसूक सुटावेत. आज उलटं आहे, दोष नाही हे आपणच सिद्ध करायचं.

धागाकर्ता
आभार दोघांचे. पत्र कुठलंच आलं नव्हतं, फाइल पाहिली. सोमवारी अर्ज टाकतो. परवानगीच घेतली नसेल, तर पुढे काय?