मदत हवी आहे: छोट्या टूलरूममध्ये पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) वगैरेचा खरंच उपयोग होतो का?

मंडळी, भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, वेल्डिंग फिक्श्चर (वेल्डिंग करताना पार्ट जागेवर पकडून ठेवणारे साचे) बनवतो आम्ही, माणसं सगळी मिळून चाळीसेक. मी डिप्लोमावाला, नऊ वर्षं शॉपफ्लोअरवर काढली आणि आता 'प्रोजेक्ट'चं लेबल लागलंय, म्हणजे डिझाइनपासून डिस्पॅचपर्यंत कुठेही जॉब लटकला की फोन मला.

झालं असं की दिवाळीनंतर दोन फिक्श्चर तीन आठवडे लेट गेली, कस्टमरनं साहेबांना झापलं आणि साहेबांनी कन्सल्टंट आणला. त्यानं चार्टर (प्रोजेक्टच्या मंजुरीचा कागद), रिस्क रजिस्टर (संभाव्य अडचणींची यादी), सगळं टेम्प्लेटमधून काढून दिलं. पहिली रिस्क काय, तर 'संवादाचा अभाव'. अहो, आमचं अख्खं ऑफिस एका पत्र्याखाली आहे, हाक मारली की ऐकू येतं!

खरी गंमत पुढे. एमएस प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमधला वेळापत्रकाचा चार्ट स्टँडर्ड कॅलेंडरवर, शनिवार-रविवार सुट्टी. आणि आपल्याकडे सुट्टी गुरुवारची! हार्डनिंग (भट्टीत तापवून स्टील कडक करणं) बाहेरच्या व्हेंडरकडून करून घेतो, तोही गुरुवारी बंद. लोकेटर पिना (पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या) बुधवारी संध्याकाळी टेम्पोत घालून पाठवल्या, चार्ट म्हणतो गुरुवारी हार्डनिंग, शुक्रवारी ग्राइंडिंग, आणि शुक्रवारी सकाळी जाऊन बघतो तर पिना भट्टीशेजारी क्रेटमध्ये तशाच, इकडे ग्राइंडरवाला चहा पितोय.

तरी सगळंच बोगस म्हणणार नाही. कॅलेंडर दुरुस्त करून एका रात्री मीच बसून क्रिटिकल पाथ काढला, म्हणजे ज्यातलं एक काम लेट झालं की अख्खा जॉब लेट, ती कामांची साखळी (ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँट या केमिकल कंपनीच्या कामातून निघालीय, म्हणजे आयटीवाल्यांची नाही, कारखान्यातलीच). तर कळलं की ज्या व्हीएमसीवरून (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आम्ही रोज बोंब मारत होतो तिथे चार दिवस हातात होते, अडत होतं ते हार्डनिंग आणि क्लॅम्प-सिलेंडरची उशिरा सुटलेली पीओ (खरेदीची ऑर्डर). आता ती पीओ डिझाइन फायनल व्हायची वाट न बघता सोडतो. पुढचं फिक्श्चर दोनच दिवस लेट गेलं, आमच्यात हे वेळेवरच धरतात.

आता साहेब म्हणतात पीएमपी कर, फी कंपनी भरेल, पण दोन वर्षांचा बाँड. ३५ तासांचं ट्रेनिंग, पदवी असेल तर ३६ महिन्यांचा अनुभव, डिप्लोमाला त्याहून जास्त, आणि पास झालो तरी दर ३ वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे पॉइंट) जमवत बसायचं. पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेच्या गाइडच्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रोसेस होत्या, २०२१ च्या सातवीत त्या बाजूला ठेवून १२ तत्त्वं आणली, ज्यांनी ४९ पाठ केल्या त्यांनी काय करायचं देव जाणे.

तर विचारायचं हे, की टूलरूम किंवा मशीन बिल्डिंगमधल्या कोणी पीएमपी केलंय का, आणि फायदा रोजच्या कामात झाला की फक्त नोकरी बदलताना? दुसरं, बाहेरचा व्हेंडर चार्टमध्ये कसा धरता? तो 'दोन दिवसात देतो' म्हणाला की दोनच धरता की चार? मी चार धरले तर आमचे डिझाइनवाले लगेच तेवढे सैल पडतात.

आणि प्लीज अजाइल (सॉफ्टवेअरवाल्यांची थोडं थोडं करत, बदलत जायची पद्धत) सुचवू नका, स्टील एकदा कापलं की कापलं. सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय, बाँडचा कागद टेबलावर पडलाय.