सुरवंटाने द्राक्षं का नाही खाल्ली?
एका ताईंनी विचारलंय की अडीच वर्षाच्या मुलाला एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे भुकेल्या सुरवंटाचं चित्रपुस्तक इंग्रजीतच वाचून दाखवावं का, तर मी सरळ मराठीत सांगते. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन आलुबुखार असं करत वार आणि आकडे आपोआप पाठ होतात, आणि पानांना भोकं आहेत ना त्यात बोट घालायचं हेच पोरांचं निम्मं वाचन! पुस्तक १९६९चं आहे पण ती भोकं अजून जुनी झाली नाहीत. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं बोर्डबुकच घ्या, साधी पानं दोन दिवसांत फाटतात. शनिवारचं सलामी (मांसाचा पदार्थ) वगैरे मी गुपचूप गाळते.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे लेकीचा पहिला प्रश्न, याने द्राक्षं का नाही खाल्ली?? मग तिला बाल्कनीतल्या कढीपत्त्यावरचा सुरवंट दाखवला. लहान असताना तो अगदी पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, काळपट-पांढरा, मोठा झाला की हिरवागार. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास येतो, लेक किंचाळलीच. (सासूबाईंचा फोडणीचा कढीपत्ता त्याने संपवला ते वेगळं.)

एक मात्र, पुस्तकात फुलपाखरू ककूनमधून (रेशमी वेष्टनातून) निघतं, खरंतर रेशमी ककून पतंगाचे. मराठीत पतंगाच्या आणि फुलपाखराच्या दोन्ही घरांना कोशच म्हणतात म्हणून आपलं भागतं.