झोकांड्या, भेलकांडणे की आणखी काही?

पानगळ: दारूमुळे मेंदूला होणाऱ्या आजारांवरचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. 'अटॅक्सिया' (हालचालींतला ताळमेळ जाणे) या शब्दापाशी अडले. मी 'झोकांड्या खात चालणे' लिहिलं. एका पेशंटच्या बायकोला वाचायला दिलं, तर म्हणाल्या, "ताई, हे बदला. सहा महिने थेंबाला शिवले नाहीत ते. झोकांड्या वाचलं की लोक म्हणणार, आलाय लावून."

ओढाकाठ: 'गतिविभ्रम' लिहा की.

तिरफळ: गतिविभ्रम म्हणजे चालताना भास होतात असं वाटतं. आणि दारू तोडल्यावर काहींना भास होतातही, म्हणजे घोळात घोळ. आमच्या आजोळी 'भेलकांडणे' म्हणत.

पानगळ: तेही गुत्त्यावरूनच येतं ना? 'लटपटणे' चालेल?

नाडीपरीक्षा: नको. लटपटण्यात पायातलं बळ गेलेलं असतं. इथे बळ असतं, ताळमेळ नसतो. पाय फाकवून चालतात. अनुमस्तिष्काचा मधला, वरचा भाग झिजतो, म्हणून पाय बिघडतात आणि हात बरेचसे वाचतात. ग्रीक 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी. ती विस्कटली, की अटॅक्सिया.

तिरफळ: अनुमस्तिष्क! शाळेच्या पुस्तकाबाहेर कोण म्हणतं हो? लहान मेंदू म्हणा.

ओढाकाठ: लहान मेंदू म्हटलं की लोकांना लहान मुलाचा मेंदू वाटतो. परिभाषा वापरल्याशिवाय रुळणार कशी?

पानगळ: पत्रकात 'झिजतो' लिहू की 'आकसतो'? झिजलेलं भरून येत नाही, अशी आपली समजूत.

नाडीपरीक्षा: दोन्ही लागतील. दारू सुटल्यावर आकसलेला मेंदू काही प्रमाणात भरतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. जर्मन डॉक्टर वेर्निकेने 1881 मध्ये वर्णन केलेल्या, ब1 जीवनसत्त्व कमी पडल्याने होणाऱ्या मेंदूच्या आजारात ते जीवनसत्त्व वेळेवर शिरेतून दिलं, तर डोळ्यांची हालचाल काही तासांत, दिवसांत सुधारू लागते. चाल मात्र रेंगाळते, काहींची अर्धवटच राहते. म्हणून 'पूर्ववत होणे' लिहू नका, 'सुधारणे' लिहा.

पानगळ: त्या बाई स्वतः 'पाय ऐकत नाहीत' म्हणतात.

ओढाकाठ: तो वाक्प्रचार झाला, संज्ञा नव्हे. शीर्षकात कसा बसवणार?

तिरफळ: झोकांडी 'झोका'वरून आली असणार. झोक्याला कसली आलीय दारू? शब्द निर्दोष आहे.

ओढाकाठ: झोका नव्हे, 'झोक'. झोक जाणे.

तिरफळ: मग 'कांडी' कुठून आली? कोलांटीशी काही नातं?