साणंदच्या चिप प्रकल्पात देखभाल तंत्रज्ञ म्हणून जावे का?

प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यापासून गेली १४ वर्षे मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पीएलसी (यंत्र चालवणारे संगणकी नियंत्रक), सर्व्हो (अचूक हालचाल करणाऱ्या मोटरी) आणि न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांची देखभाल करतो. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरातमधील धोलेरा व साणंद आणि आसाममधील जागीरोड येथील चिप प्रकल्पांना मंजुरी दिली, तेव्हापासून या क्षेत्रातील भरतीवर माझे लक्ष आहे. साणंदच्या एका प्रकल्पासाठी माझी पहिली मुलाखत नुकतीच झाली. माझा अनुभव तिथे उपयोगी पडेल, की ऐन पस्तिशीत पुन्हा श्रीगणेशा करावा लागेल?

प्रतिसाद १

मी मलेशियात पेनांगला हेच काम सहा वर्षे केले आहे. धोलेऱ्यात टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची चिप कंपनी पीएसएमसी मिळून महिन्याला ५०,००० वेफरच्या (ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांच्या) क्षमतेचा, म्हणजे प्रत्यक्ष चिप घडवणारा कारखाना उभारत आहेत. साणंदचे काम त्यापुढचे आहे: तयार वेफर कापायचा, त्याचा एकेक तुकडा चौकटीवर चिकटवायचा, बारीक तारेने जोडायचा, साच्यात बंद करायचा आणि तपासायचा. ही तार बहुधा २५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही बारीक असते, आणि ती जोडणारे यंत्र सर्व्होवरच चालते. त्यामुळे तुमचा हात तिथे नवखा ठरणार नाही.

सवयी मात्र बदलाव्या लागतील. स्वच्छ कक्षात, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत, साधा कागद किंवा पेन्सिल नेता येत नाही, कारण कागदाचे तंतू आणि पेन्सिलीतल्या ग्राफाइटची भुकटी मालावर बसते. चाकणला आपण बेअरिंगच्या आवाजावरून बिघाड ओळखतो. इथे तार ओढून पाहण्याच्या चाचणीचे आकडे रोज तक्त्यावर मांडतात आणि ते घसरू लागले, की यंत्र बंद पडायच्या आत ज्या टोकातून तार येते ते टोक बदलतात. हा तक्ता वाचायला आत्ताच शिकून घ्या.

प्रतिसाद २

कामाबद्दल वर नेमके सांगितले आहे, पण तुम्ही कोणाच्या रोलवर (पगारपटावर) जाणार हे आधी पाहा. एका नव्या प्रकल्पात मला मुलाखतीत कायम नोकरीचे सांगितले होते. रुजू झालो त्या दिवशी गेटवर मिळालेल्या ओळखपत्रावर ठेकेदाराचे नाव होते, आणि तोवर जुन्या जागेचा राजीनामा मंजूर झाला होता. म्हणून नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका. प्रशिक्षणाचा बाँड किती वर्षांचा आहे आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हेही लेखी घ्या.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दुसरी फेरी गुरुवारी आहे. रोल आणि बाँड यांविषयी मी आजच ईमेलने विचारतो. पेनांगच्या दादांना एक विनंती आहे: त्या चाचणीचा तक्ता समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी, हे सवडीने सांगावे.