शब्दचर्चा : टाइप 'मिळवणे' की 'बनवणे'?

प्रश्न : एलएलव्हीएमवर (कंपायलर बांधायच्या साधनसंचावर) मराठीत टिपणं काढतोय. टाइप (डेटाचा प्रकार) हवा असला की तिथे काही ठिकाणी 'गेट' येतं, काही ठिकाणी 'क्रिएट'. मी दोन्हीकडे 'टाइप बनवणे' असंच लिहिलंय. चालून जाईल का?

उत्तर : नाही हो, घोटाळा होईल. आय३२ (३२ बिटांचा पूर्णांक) कितीही वेळा मागा, एका काँटेक्स्टमध्ये (टाइपचे तक्ते जिथे राहतात त्या कप्प्यात) दर वेळी त्याच ऑब्जेक्टचा पत्ता हातात पडतो. आय३२ चा दहा घटकांचा ॲरे (एकाच टाइपच्या घटकांची रांग) मागितलात तर आधी तक्त्यात शोध होतो. सापडला तर तोच, नसला तरच नवा घडवून तिथे नोंदवतात. त्यामुळे दोन टाइप एकच आहेत का, हे बघायला नुसते पत्ते ताडले की झालं, आतली रचना उकलत बसावी लागत नाही. 'बनवणे' वाचून कुणालाही वाटेल, दोनदा बनवला म्हणजे दोन टाइप झाले. 'मागणे' किंवा 'मिळवणे' लिहा.

'क्रिएट' मात्र मुख्यतः नावाच्या स्ट्रक्टसाठी (स्ट्रक्ट म्हणजे अनेक घटक, म्हणजेच फील्ड, एकत्र बांधलेला टाइप). तिथे दर वेळी खरोखर नवा टाइप जन्मतो, फील्ड हुबेहूब तीच असली तरी. नावही तेच दिलंत तर एलएलव्हीएम त्याला आकडा चिकटवून वेगळं करतं. बिननावाचा स्ट्रक्ट पुन्हा 'गेट'वालाच.

आणखी एक उत्तर : अशा दोन वाटा का, तेही टिपणात घाला. लिंक्ड लिस्टच्या (साखळीसारख्या यादीच्या) नोडमध्ये, म्हणजे कडीत, पुढच्या नोडचाच पॉइंटर (पत्ता) असतो. घटकांवरून ओळख ठरवायची तर नोड पुरा होण्याआधीच नोड हवा! म्हणून आधी नुसतं नाव, अंग (फील्डची यादी) मागाहून. (पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो हे एलएलव्हीएमच्या आवृत्ती १५ पासून सहसा टाइपमध्ये लिहीत नाहीत, आणि १७ मध्ये जुनी पद्धत काढूनच टाकली. त्यामुळे हा पेच तिथे आता उरला नाही. सी भाषा वाचणाऱ्या क्लँग कंपायलरला तो आहेच.)

प्रश्नकर्ता : अंग न भरलेल्याला 'ओपेक' म्हणतात ना? 'रिकामा स्ट्रक्ट' लिहू?

पहिलं उत्तर देणारे : नको. एकही फील्ड नसलेला स्ट्रक्ट हा पूर्ण टाइप आहे, आकार शून्य. ओपेकचा आकारच ठाऊक नसतो, म्हणून 'अपूर्ण स्ट्रक्ट'. नवे पॉइंटरही 'ओपेक'च म्हणवतात, पण त्यांचा आकार पक्का असतो, ते अपूर्ण नाहीत. तिथे सरळ 'ओपेक पॉइंटर' ठेवा. 'अपारदर्शक' कोण बोलतं?

तिसरं उत्तर : क्लँगच्या 'कॅनॉनिकल टाइप'साठी (दुसरी नावं बाजूला सारून उरणाऱ्या मूळ टाइपसाठी) मला 'प्रमाणरूप' बरा वाटतो. टाइपडेफने (सीमध्ये टाइपला दुसरं नाव द्यायची सोय) इंटला 'रुपये' म्हटलंत तर क्लँग ते नाव जपून ठेवतो, एररमध्ये 'रुपये, म्हणजेच इंट' असं दोन्ही छापतो. तुलना मात्र प्रमाणरूपांची. 'सामान्यरूप' घेऊ नका, तो शब्द 'घोडा'च्या 'घोड्या'साठी व्याकरणाने आधीच अडवलाय.