खालचे संगणक केबलवर, वरचा प्रिंटर वाय-फायवर; दोघांची गाठ कशी घालावी?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)

नमस्कार. आमचे घर जुन्या वाड्यातले असून भिंती चांगल्याच जाड आहेत. तळमजल्यावर माझे करसल्ल्याचे काम चालते आणि तेथील दोन्ही डेस्कटॉप मुख्य राउटरला केबलने जोडलेले आहेत. वाय-फाय माडीवर पोहोचत नव्हते, म्हणून जिन्याकडेने केबल वर नेऊन तिला एक जुना राउटर जोडला. इंटरनेट दोन्हीकडे चालते. मात्र वायरलेस प्रिंटर माडीवर नेल्यापासून खालच्या संगणकांना तो सापडत नाही आणि प्रत्येक छपाईसाठी पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढावा लागतो. खालच्या संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१२ आहे, तर वरच्या लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०५. राउटर बदलावा का?

उत्तर (सिडको)

राउटर बदलू नका. दोष आपण दिलेल्या पत्त्यांतच दिसतो: तिसरा आकडा खाली १ आणि वर ० आहे, म्हणजे वरच्या राउटरने स्वतःचे वेगळे नेटवर्क थाटले आहे. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेत) असणार, त्यामुळे वरून खाली विनंती जाते, पण खालून आलेली त्याच्या दारातच अडते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ (वेगळे नेटवर्क न थाटता फक्त वाय-फाय पुरवणे) हा पर्याय असल्यास तो निवडावा. नसल्यास त्याला १९२.१६८.१.२ असा, इतर कोणाकडे नसलेला आणि मुख्य राउटर आपोआप वाटतो त्यांबाहेरचा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि त्यानंतरच केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातील उपकरणांच्या खाचेत) लावावी. हा क्रम कृपया पाळा. केबल आधी हलवली तर एकाच घरात दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि कोणता संगणक कधी तुटेल याचा नेम राहत नाही.

उत्तर (गंगापूर रोड)

वरील उत्तर योग्यच आहे. त्यासोबत केबलही तपासा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) मात्र आठही लागतात. आमच्याकडे वेग १०० वर अडकला होता; भिंगातून पाहिले तेव्हा केबलच्या टोकाच्या आरजे-४५ जोडातील तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. जोड कापून नव्याने क्रिंप केल्यावर (पकडीने दाबून बसवल्यावर) वेग पूर्ववत झाला. दोन्ही राउटरांच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, परंतु एकमेकांत अडथळा येऊ नये म्हणून २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ११ द्या.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. डीएचसीपी बंद करून केबल हलवली, प्रिंटर पुन्हा सुरू केला आणि त्याला १९२.१६८.१.२३ हा पत्ता मिळाला. आता एका डेस्कटॉपवरून छपाई होते, दुसऱ्याला मात्र प्रिंटर अजून दिसत नाही.

उत्तर (सिडको)

त्या संगणकावर विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’, म्हणजे परके, धरले असावे; तसे असता तो इतर उपकरणे शोधत नाही. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि प्रिंटर नव्याने जोडा. शिवाय मुख्य राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलणार नाही.

प्रश्नकर्ता

नेटवर्क ‘पब्लिक’च होते. बदलताच पहिले पान छापून आले, आणि पत्ताही राखून ठेवला आहे.